ईएसएक्सआयवरून प्रॉक्समॉक्सवर: ८ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचे ९ व्हर्च्युअल सर्व्हर ईएसएक्सआय ६.७ वर (एकाच मशीनवर अनेक सर्व्हर चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) चालायचे. त्या आवृत्तीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२२ मध्येच संपला होता आणि मशीनही म्हातारं झालं होतं. नवं मशीन आलं तेव्हा त्यावर प्रॉक्समॉक्स व्हीई टाकलं. डेबियन लिनक्सवर उभी असलेली, आतून केव्हीएम (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) वापरणारी तशाच कामाची ही प्रणाली २००८ पासून आहे. ती मोफत वापरता येते, पैसे भरले की एंटरप्राइज रिपॉझिटरी (जास्त तपासलेले अपडेट) आणि सपोर्ट मिळतो. ८ महिन्यांनी सांगतो, निर्णय बरोबर होता. पण ज्यांना हे करायचंय त्यांनी आमचे पहिले दोन आठवडे कसे गेले ते आधी वाचावं.

आमच्याकडे गुरुवारी सुट्टी असते, म्हणून बुधवारी रात्री सुरुवात केली. एप्रिल २०२४ च्या ८.२ आवृत्तीपासून प्रॉक्समॉक्समध्ये इम्पोर्ट विझार्ड आहे. जुन्या होस्टचा, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्या मशीनचा, पत्ता आणि पासवर्ड दिला की त्यावरच्या व्हीएमची (व्हर्च्युअल मशीनची) यादी समोर येते. निवडा, इम्पोर्ट दाबा, डिस्क येऊ लागते. त्याआधी जुन्या बाजूचे स्नॅपशॉट (व्हीएमच्या त्या-त्या क्षणाच्या जपलेल्या स्थिती) काढून टाकले आणि व्हीएम बंद केली. डिस्क आणण्याचा हा भाग खरंच सोपा आहे. अडतं ते त्यानंतर, कारण प्रत्येक सर्व्हरने आपल्या जुन्या हार्डवेअरबद्दल काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात आणि त्या कुठेच लिहून ठेवलेल्या नसतात.

पहिला विंडोज सर्व्हर निळ्या पडद्यावर थांबला: इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. डिस्क शाबूत होती, पण ती व्हर्टआयओ स्कझीवर (व्हीएमसाठीचा खास व्हर्च्युअल डिस्क कंट्रोलर) जोडली होती आणि विंडोजकडे बूट होताना तो ड्रायव्हर नव्हता. उपाय असा. मुख्य डिस्क आधी साटा (नेहमीच्या जोडणीची डिस्क) म्हणून जोडायची आणि बूट करायचं. सोबत १ जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर द्यायची, ड्रायव्हर टाकायचे, विंडोजने ती छोटी डिस्क ओळखली की व्हीएम बंद करून मुख्य डिस्क स्कझीवर न्यायची. डिस्क काढून पुन्हा जोडली की बूट ऑर्डरमधली तिची खूण निघून जाते, ती परत लावावी लागते. मी ती विसरलो आणि पहाटे अडीच वाजता अर्धा तास भलतीकडेच शोधत बसलो.

लिनक्सचे सर्व्हर तुलनेने शहाण्यासारखे वागले. फक्त नेटवर्क कार्डाचं नाव ईएनएस१९२ होतं ते ईएनएस१८ झालं, त्यामुळे चालू झाले तरी नेटवर्कवर दिसेनात. कन्सोलवरून कॉन्फिगमध्ये नाव बदललं की झालं. कॅडचा लायसन्स सर्व्हर मात्र मॅक अ‍ॅड्रेसला (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला) बांधलेला असतो. जुना मॅक नव्या व्हीएमला हाताने दिला, म्हणून डिझाइनवाल्यांचं लायसन्स चालू राहिलं.

सगळ्यात महाग पडली ती घड्याळाची चूक. डोमेन कंट्रोलरची (सगळ्यांचं लॉगिन तपासणाऱ्या विंडोज सर्व्हरची) व्हीएम आणताना ओएस टाइप चुकून लिनक्स राहिला. विंडोज व्हीएमला प्रॉक्समॉक्स हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ देतं, बाकीच्यांना यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). विंडोजने ती यूटीसी वेळच भारतीय वेळ समजून घेतली. शुक्रवारी सकाळी ९ वाजता सर्व्हरमध्ये पहाटेचे साडेतीन वाजले होते. केर्बेरॉस, म्हणजे लॉगिन तपासण्याची पद्धत, नेहमीच्या सेटिंगमध्ये ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक सोसत नाही, त्यामुळे स्टोअरपासून पगार विभागापर्यंत कुणाचंच लॉगिन होईना. घड्याळात बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसला, तर दुसरं काही तपासू नका, आधी ओएस टाइप बघा.

तिसऱ्या महिन्यात डेटाबेसची व्हीएम रात्री अचानक बंद पडायला लागली. व्हीएमच्या आत एकही एरर नव्हता. होस्टच्या लॉगमध्ये मात्र स्वच्छ लिहिलेलं होतं, की मेमरी संपल्यामुळे कर्नलने (होस्टच्या लिनक्सच्या गाभ्याने) ती प्रोसेस मारली. मी प्रॉक्समॉक्स साध्या एक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) डिस्कवर टाकून झेडएफएस (रॅममध्ये मोठी कॅश ठेवणारी फाइलसिस्टिम) पूल नंतर बनवला होता. आमच्या आवृत्तीत अशा वेळी झेडएफएसची कॅश होस्टच्या निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकत होती. आमच्या १२८ जीबीत व्हीएमना ८० जीबी वाटून टाकलेली होती, म्हणजे हिशेब पहिल्या दिवसापासूनच चुकलेला होता. झेडएफएस आर्क मॅक्स (या कॅशची कमाल मर्यादा) १२ जीबीवर बांधून टाकला, त्यानंतर एकदाही तसं झालं नाही. इन्स्टॉलरमधूनच रूट (होस्टची मुख्य फाइलसिस्टिम) झेडएफएसवर घेतली असती तर ८.१ पासून ही मर्यादा आपोआप १० टक्के ठेवली जाते.

बॅकअपबद्दल मनापासून चांगलं बोलेन. वेगळ्या मशीनवर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर आहे. चालू व्हीएमचे फक्त बदललेले ब्लॉक वाचले जातात, त्यामुळे ६०० जीबीचा फाइल सर्व्हरही रोज काही मिनिटांत उरकतो. गुरुवारी वीज गेली आणि यूपीएसने सगळं बंद केलं, की त्या रात्री बराच वेळ लागतो. कारण व्हीएम बंद झाली की बदलांची नोंद पुसली जाते आणि पूर्ण डिस्क पुन्हा वाचावी लागते. बॅकअप सर्व्हरवर जाणारा डेटा तेव्हाही थोडाच असतो, म्हणून घाबरण्याचं कारण नाही. क्वेमू गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत चालून होस्टशी बोलणारा छोटा प्रोग्राम) प्रत्येक व्हीएममध्ये टाकाच. तो असला की बॅकअपच्या क्षणी फाइलसिस्टिम नीट थांबवली जाते.

दर महिन्याला आम्ही एक व्हीएम वेगळ्या नावाने रिस्टोअर करतो, तिचं नेटवर्क कार्ड तोडून ठेवतो आणि लेखा विभागातल्या ताईंना कन्सोलवर बसवून मागच्या आठवड्याची बिलं उघडायला सांगतो. त्यांनी "दिसतंय" म्हटल्याशिवाय मी तो बॅकअप धरत नाही. दोनदा त्यांनी "हे जुनं आहे" म्हटलं. दोन्ही वेळा शेड्यूलमधली माझी चूक सापडली.

जुना होस्ट अजून रॅकमध्येच आहे, बंद करून. वर्षअखेरीचे हिशेब नव्या सर्व्हरवर पूर्ण झाले, की मगच त्याच्या डिस्क काढणार.