जुनं ऑडिओ यंत्र, नवा पॉवर सप्लाय: काय विकत घ्यावं, काय दुरुस्त करावं

जुनी ऑडिओ यंत्रं हातात येतात ती दोन अवस्थांत. एक तर अडॅप्टर हरवलेला असतो, नाहीतर वायर थेट यंत्राच्या पोटात गेलेली असते आणि चालू केलं की स्पीकरमधून आधी घूंऽऽ असा आवाज येतो. विचारणारा दोन्ही वेळा एकच विचारतो, "पॉवर सप्लाय बदलायचाय, कुठला घेऊ?" माझी उत्तरं मात्र उलटसुलट आहेत. सप्लाय बाहेरचा असेल तर मूळ अडॅप्टरच हवा म्हणून अडून बसू नका, चांगला नवा घ्या. सप्लाय आतला असेल तर आधी आहे तो दुरुस्त करा आणि उचकटून नवा बसवायचं शेवटी बघा.

खरेदीआधी पाच मिनिटं यंत्रापाशी

चार गोष्टी कळायला हव्यात: एसी की डीसी, व्होल्ट किती, मधली पिन प्लस की मायनस आणि करंट किती. लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते करंटला, आणि तिथेच धोका सगळ्यात कमी. यंत्र लागेल तेवढाच करंट ओढतं. ३०० मिलिअँपिअर लागणाऱ्या यंत्राला २ अँपिअरचा रेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर ठेवणारा) अडॅप्टर लावला तर काहीही जळत नाही. उलटं केलं तर मात्र अडॅप्टर तापतो, व्होल्टेज बसतं आणि मोटर असलेल्या यंत्रात टेपचा वेग डगमगायला लागतो.

पोलॅरिटीचं, म्हणजे प्लस कुठे आणि मायनस कुठे याचं, तसं नाही. एकाच काळातले छोटे कीबोर्ड घ्या: कॅसिओचे बहुतेक ९ व्होल्ट आणि मधे मायनस, यामाहाचे बहुतेक १२ व्होल्ट आणि मधे प्लस. पिन दिसायला जवळपास सारखीच. गिटार पेडलच्या जगात मधे मायनस हा रिवाज झाला, बाकी ठिकाणी कुणीच कुणाचं ऐकलं नाही. जपानी कंपन्यांनी पुढे पिवळ्या टोकाची पिन आणली. तिच्यात मधे नेहमी प्लस असतो आणि व्होल्टेजच्या पट्ट्यानुसार पिनची जाडी बदलते, म्हणजे चुकीचा अडॅप्टर सहसा बसतच नाही. शहाणपणाची योजना होती, पण जुन्या यंत्रांपैकी थोड्यांनाच ती लाभली.

लेबल पुसलं गेलं असेल तर मल्टिमीटर घ्या. यंत्र पूर्ण बंद, सगळ्या वायरी काढलेल्या. मीटर बीपवर ठेवून एक टोक ऑडिओ आउटपुटच्या बाहेरच्या कड्याला आणि दुसरं पॉवर जॅकच्या मधल्या पिनेला लावा. बीप वाजला तर बहुधा मधे मायनस. बाहेरच्या पत्र्याला लावल्यावर वाजला तर बहुधा मधे प्लस. दोन्हीकडे गप्प असेल तर घाई नको, यंत्र एसीवर चालणारं असू शकतं. झाकण उघडा आणि जॅकच्या मागे काय आहे ते बघा. चार डायोडचा (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) ब्रिज, म्हणजे एसीचं डीसी करणारी जोडणी, किंवा एकमेकांच्या उलट दिशेने बसवलेले दोन डायोड दिसले तर संशय आणखी वाढवा. पहिल्या मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) १६ व्होल्ट लिहिलं असेल तर तिथे १६ च्या वर कधीच जायचं नाही, हेही तिथल्या तिथे कळतं. बॅटरीचा कप्पा असेल तर काम आणखी सोपं: सहा सेल म्हणजे ९ व्होल्ट, आठ म्हणजे १२.

आणखी एक बारीक कटकट. बाहेरून ५.५ मिमी दिसणाऱ्या पिनेचं आतलं भोक २.१ असतं किंवा २.५. २.५ चा अडॅप्टर २.१ च्या जॅकमध्ये आत जातो, दिवाही लागतो, आणि वायर हलली की खर्र करून यंत्र बंद. जॅक खराब झालाय असं समजून सोल्डरिंग करत बसलेले लोक मी पाहिलेत. त्यांत मी स्वतःही आहे.

एसी मागणारी यंत्रं

हा वेगळाच वर्ग आहे आणि सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. अलेसिसचे मिडिव्हर्ब, क्वाड्राव्हर्ब, डिजिटेकचा पहिला व्हॅमी, लाइन ६ चा जुना डीएल४ ही सगळी इफेक्ट यंत्रं ९ व्होल्ट एसी मागतात. त्यांच्या अडॅप्टरमध्ये नुसता ट्रान्सफॉर्मर असतो. एसीचं डीसी यंत्राच्या आत होतं. याचं कारण असं की ऑडिओच्या ऑप-अँपना, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या चिपना, प्लस आणि मायनस अशा दोन्ही बाजू लागतात. एसीच्या एका तारेवर दोन डायोड उलटसुलट लावले की एकातून प्लस मिळतो, दुसऱ्यातून मायनस. शिवाय ९ व्होल्ट एसीचं शिखर ९ गुणिले १.४१, म्हणजे साधारण १२.७ व्होल्टवर असतं. डायोडमध्ये थोडं गेलं तरी पुढच्या रेग्युलेटरला पुरेसं उरतं.

मी एकदा अशाच एका रिव्हर्बला ९ व्होल्ट डीसी लावलं. डिस्प्ले लागला, बटणं चालली, प्रोग्रॅमचे आकडे बदलले, आवाज मात्र शून्य. दोन संध्याकाळी मी आउटपुटची चिप शोधत होतो. शेवटी ऑप-अँपच्या मायनस पिनेवर मीटर ठेवला तर तिथे व्होल्टेजच नव्हतं. डीसीमुळे प्लसची बाजू जिवंत झाली होती आणि मायनसची मेलेली राहिली होती. योग्य ट्रान्सफॉर्मर लावल्याबरोबर पेटी गायला लागली. माझं नशीब, नुकसान काही झालं नाही. डीसी मागणाऱ्या यंत्राला एसी दिलं असतं तर एवढ्यावर सुटलो नसतो, कारण उलट दिशेचं व्होल्टेज मिळालं की कपॅसिटर फुगतात.

या वर्गात निवड करायला फारसं काही नाही. एसी आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर अडॅप्टरच घ्यायचा, व्होल्ट तेवढेच आणि करंट तेवढा किंवा जास्त. नवा घेतला काय, जुना मूळचा घेतला काय, फरक पडत नाही. आत खराब होण्यासारखं जवळजवळ काही नसतं. छोट्या साउंड मिक्सरचे तीन पिनांचे अडॅप्टरही याच जातीचे, वाइंडिंगच्या मधून तिसरी तार (टॅप) काढलेले १७-१८ व्होल्टचे. तिथे मात्र कनेक्टरच्या पिनांचा क्रम तपासल्याशिवाय दुसऱ्या कंपनीचा लावू नका.

डीसी यंत्रं: मूळ अडॅप्टर, लिनिअर की एसएमपीएस

मूळ अडॅप्टरबद्दल लोकांना फार माया असते. पण ऐंशीच्या दशकातला बहुतेक मूळ अडॅप्टर म्हणजे ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि एक कपॅसिटर. रेग्युलेटर नाही. लेबलवर ९ व्होल्ट असलं तरी ते पूर्ण लोडवर, म्हणजे यंत्र पूर्ण करंट ओढत असताना. माझ्याकडच्या एकावर ९ लिहिलंय, मोकळा मोजला तर १४ च्या थोडा वर दाखवतो. त्यात तो कपॅसिटर चाळीस वर्षांचा. तो सुकला की रिपल, म्हणजे व्होल्टेजची चढउतार, वाढतो आणि हम (तोच घूंऽऽ) थेट आवाजात उतरतो. संग्राहकाला पेटी, पुस्तिका, अडॅप्टर असा पूर्ण संच हवा असेल तर जरूर घ्या. वाजवायचं असेल तर जास्तीचे पैसे देऊ नका.

एक अपवाद लक्षात ठेवा, तो नेमका या ढिल्या व्होल्टेजमुळेच आहे. बॉसच्या जुन्या पेडलवर, म्हणजे सीई-२ कोरस, डीएम-२ डिले अशांवर, एसीए अडॅप्टरचं नाव छापलेलं असतं. तो अडॅप्टर ९ चा म्हणून प्रत्यक्षात १२ च्या आसपास द्यायचा आणि जास्तीचे व्होल्ट पेडलच्या आतल्या रेझिस्टर-डायोडमध्ये खर्ची पडायचे. अशा पेडलला आजचा काटेकोर ९ व्होल्टचा अडॅप्टर लावला की दिवा मंद होतो आणि आवाज दबतो. पेडल बिघडलेलं नसतं, उपाशी असतं. एकटंच चालवायचं असेल तर रेग्युलेटेड १२ व्होल्ट द्या. पीएसए या बॉसच्याच दुसऱ्या अडॅप्टरचं नाव छापलेल्या पेडलला मात्र ९ च. दोन्ही एका वायरीवर मिसळू नका.

आता नव्यातली खरी निवड. लिनिअर रेग्युलेटेड अडॅप्टर म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि पुढे ७८०९ किंवा एलएम३१७ सारखा रेग्युलेटर. शांत, जड आणि गरम. आत १६ व्होल्ट येतात, बाहेर ९ जातात, करंट अर्धा अँपिअर. मग मधले ७ व्होल्ट गुणिले ०.५, म्हणजे ३.५ वॅटची नुसती उष्णता. एवढ्याला हीटसिंक लागतोच. फोनो प्रीअँप, माइक प्रीअँप, कॅसेटचा चार ट्रॅक रेकॉर्डर, जिथे सूक्ष्म सिग्नल शेकडो पट वाढवला जातो, तिथे मी डोळे झाकून हाच घेतो.

एसएमपीएस म्हणजे वीज वेगाने चालूबंद करून हवं ते व्होल्टेज बनवणारा सप्लाय. हलका, थंड, कुठल्याही मेन्स (भिंतीतल्या विजेच्या) व्होल्टेजवर चालणारा. त्याच्याबद्दल दोन तक्रारी ऐकू येतात. पहिली, या चालूबंद होण्याचा कचरा आवाजात येतो. प्रत्यक्षात हा वेग मेन्सच्या हजारो पट, दहा-वीस किलोहर्ट्झच्या बराच वर असतो, त्यामुळे चांगल्या अडॅप्टरचं स्विचिंग थेट ऐकूच येत नाही. स्वस्तातला मात्र कमी लोडवर थबकत थबकत चालतो आणि ते थबकणं चिंऽऽ असं ऐकू येतं. दुसरी तक्रार जास्त खरी आहे. दोन पिनांच्या एसएमपीएसमध्ये मेन्स बाजू आणि आउटपुट यांच्यामध्ये एक छोटा वाय-कपॅसिटर असतो. त्यातून अगदी थोडा करंट झिरपतो. अर्थिंग न मिळालेल्या यंत्राच्या पत्र्याला बोट घासलं की जी हलकी झिणझिण जाणवते, ती यामुळे. यंत्र एखाद्या अर्थिंग असलेल्या अँपला जोडलं की ती बहुधा जाते, पण काही जोडण्यांत त्याचाच बझ होतो.

ड्रम मशीन, डिजिटल डिले, सीक्वेन्सर यांना मीनवेलसारख्या नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस बिनधास्त चालतो. एकाच अडॅप्टरवर डिजिटल डिले आणि अॅनालॉग डिस्टॉर्शन टांगलं तर मात्र डिजिटल चिपच्या क्लॉकची शिट्टी ऐकायची तयारी ठेवा. तो दोष एसएमपीएसचा नसतो, सामाईक ग्राउंडचा, म्हणजे दोघांनी वाटून घेतलेल्या मायनस तारेचा असतो.

सरकत्या बटणाचे ३ ते १२ व्होल्टचे युनिव्हर्सल अडॅप्टर? तपासणीपुरते ठीक. कायम जोडून ठेवू नका, कधीतरी कुणाचा तरी धक्का त्या बटणाला लागतोच. बॅटरीचा उपयोग मात्र मोठा आहे, आणि तो निदानासाठी. हम येत असेल तर अडॅप्टर काढून सेल घाला. हम गेला तर अडॅप्टर दोषी. राहिला तर नवा अडॅप्टर घेऊन पैसे वाया घालवू नका.

सप्लाय आत असेल तर

टेप डेक, रिसीव्हर, अँप्लिफायर, मोठे सिंथेसायझर. इथे आधी कान लावा. मेन्स ५० हर्ट्झची असेल तर सुकलेल्या फिल्टर कपॅसिटरचा हम १०० हर्ट्झवर येतो, कारण ब्रिज दोन्ही अर्धलहरी वापरतो. ५० चा जाड, खोल हम बहुतेकदा ग्राउंड लूपचा (जोडलेल्या यंत्रांच्या ग्राउंडमधून तयार झालेल्या वर्तुळाचा) किंवा ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेल्या वायरीचा. फोनवरच्या साध्या स्पेक्ट्रम अॅपमध्येही फरक दिसतो. (६० हर्ट्झच्या मेन्सवर हेच आकडे ६० आणि १२०.) दुसऱ्या जातीचा हम असेल तर सप्लाय बदलून काडीचाही फायदा नाही.

दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा मोठे कपॅसिटर, एखादा रेग्युलेटर, ब्रिज आणि कोरडे झालेले सोल्डर. नवे कपॅसिटर १०५ अंशांचे घ्या. व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, क्षमता तेवढीच किंवा थोडी वर. तिप्पट-चौपट टाकलं की चालू करतानाचा झटका जुन्या ब्रिजला सोसत नाही. रेव्हॉक्सच्या डेकमध्ये मेन्सवर रिफा कंपनीचा पारदर्शक पिवळसर कपॅसिटर दिसला तर तो चालू असला तरी बदला. त्याच्या आवरणाला तडे जातात, आत ओल शिरते आणि मग खोलीभर धूर.

ट्रान्सफॉर्मर क्वचित जातो. गेला असं वाटलं तरी प्रायमरीच्या (मेन्सकडच्या वाइंडिंगच्या) वेष्टणाखाली थर्मल फ्यूज आहे का ते बघा. बऱ्याचदा तोच उडालेला असतो. त्याच तापमानाचा नवा घाला. तार जोडून पुढे जाऊ नका. वाइंडिंगच जळलं असेल तर री-वाइंडिंग करून घेता येतं. मूळ मापं, मूळ जागा, मूळ स्क्रू. वेळ लागतो, पण पॉवर अँपसाठी माझी पसंती यालाच. अँपला क्षणभरासाठी खूप करंट लागतो. मोठे कपॅसिटर तो देतात, एसएमपीएसचं संरक्षण मात्र नेमकं तेव्हाच आउटपुट तोडतं.

मग आत एसएमपीएस कधी बसवावा? मूळचा सप्लायच एसएमपीएस असेल आणि त्याच्या चिप मिळेनाशा झाल्या असतील तर. सॅम्पलर आणि डिजिटल सिंथमध्ये हे होतं. प्लस ५, प्लस १२, मायनस १२ मागणाऱ्या यंत्रासाठी मीनवेलचा आरटी-६५बी नेमका तेवढेच आउटपुट देतो. १५ व्होल्टच्या जोडीसाठी आरटी-६५सी. खोच अशी की यात नियंत्रण मुख्यतः ५ व्होल्टच्या बाजूवर असतं. तिथे पुरेसा लोड नसेल तर १२ ची बाजू सरकते, म्हणून जोडल्यावर लोडवर तिन्ही मोजा. जुना सप्लाय पिशवीत घालून लेबल लावून ठेवा आणि बसवताना पत्र्याला नवी भोकं पाडू नका.

उघड्या एसएमपीएसला हात लावण्याआधी एक आकडा लक्षात असू द्या: २३० व्होल्टच्या मेन्सवर त्याच्या पहिल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतं आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतं. जपानमधल्या बाजारासाठी बनलेली यंत्रं १०० व्होल्टची असतात. मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका आणि तिथे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल हे हिशेबात धरा.

दुरुस्त केलेल्या यंत्राला पहिल्यांदा वीज देताना मी ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब सिरीजमध्ये लावतो. एलईडी नको, त्याने काही कळत नाही. बल्ब क्षणभर लखकन पेटून मंदावला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच प्लग काढा. मंदावला तर बल्ब काढून थेट मेन्सवर घेतो, व्होल्टेज मोजतो आणि अर्धा तास तिथेच बसतो. बाहेरून हात लावून बघतो, वास घेतो. ट्रान्सफॉर्मर कोमट झाला तर चालतं. हात ठेववत नसेल तर प्लग काढतो आणि पुन्हा ब्रिजपासून सुरुवात करतो.