गव्हाच्या बिअरचं किट, आठ महिने आणि पाच रुपयाचं रबर

पहिलेच सांगतो, घरी बिअर करायचं हे किट खराब नाही. रबर खराब आहे. झाकणात एअरलॉक (आतला गॅस बुडबुड्यानं बाहेर सोडते, बाहेरची हवा आत येऊ देत नाही ती नळी) जिथे खुपसतो ना, तिथलं ते काळं गोल ग्रोमेट. साडेसहा हजाराच्या सामानात कंपनीला पैसा वाचवायला नेमकी तीच जागा सापडली.

नोव्हेंबरात कापसाचा पहिला चुकारा हाती आला, त्यातून मागवलं. 1.7 किलोचा गव्हाच्या माल्टचा (मोड आणलेल्या धान्याच्या घट्ट पाकाचा) डबा गरम पाण्यात ठेवून पातळ केला, त्यात किलोभर साखर, आरओच्या जारचं पाणी (आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, बिअर काय होणार), 20 लिटर भरलं, यीस्ट टाकलं आणि बसलो एअरलॉककडे बघत. एक दिवस गेला, दोन गेले, बुडबुडा नाही. तिसऱ्या दिवशी माय म्हणे, "काऊन रे, मयतीले बसल्यावानी बसला त्या बादलीपाशी?"

कस्टमर केअरला फोन लावला. पोरगी गोड बोलली, "सर तुमच्याकडे टेम्परेचर जास्त असतं ना, यीस्ट मेलं असेल, नवीन पाकीट 450 रुपये." अहो ताई, नोव्हेंबर आहे, रात्री आम्ही शेकोटीपाशी बसतो! मग म्हणे व्हिडिओ पाठवा. आता बुडबुडा येत नाही याचा व्हिडिओ कसा काढतात तुम्हीच सांगा. तरी काढला, चार मिनिटांचा, रेंजसाठी गच्चीवर चढून पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर, "व्हिडिओमध्ये काही होताना दिसत नाही." तेच तर म्हणतोय बाप्पा!

वैतागून झाकण काढलं तर आत बादलीच्या कडेला फेसाचा वाळलेला पट्टा, आणि हायड्रोमीटर (रस किती दाट ते सांगणारी काचेची तरंगती नळी, साखरेची दारू होत गेली की आकडा उतरतो) टाकला तर 1.044 वरून थेट 1.014. म्हणजे यीस्ट बिचारं तीन दिवस राबत होतं आणि गॅस एअरलॉकमधून न जाता ग्रोमेटच्या बारीक चिरेतून निघून जात होता. नवीन लोकांनी एवढं लक्षात ठेवा, बुडबुड्यावर जाऊ नका, हायड्रोमीटर काय सांगतो ते बघा. दोन दिवस आकडा हलला नाही तर झालं काम. माझं 1.010 ला थांबलं, म्हणजे अल्कोहोल साडेचार टक्क्याच्या आसपास.

ग्रोमेट बदलून द्या म्हटलं तर सुटं मिळत नाही, पूर्ण झाकण घ्या, 700 रुपये, कुरिअर वेगळं. मी काय केलं, तालुक्याला ड्रिपच्या दुकानात गेलो. आपल्या लॅटरलला (ठिबकच्या बारीक नळीला) लावतात ती ग्रोमेटं पाच रुपयाला एक, दोनतीन मापाची घेतली, त्यातलं एक असं घट्ट बसलं की विचारू नका. उकळून लावलं. तिथे बिअर लागत नाही, फक्त गॅस, त्यामुळे चवीचा प्रश्न नाही. तेव्हापासून ते अजून तसंच आहे. त्या रात्री एअरलॉक गुडगुडायला लागला तेव्हा मी बायकोला उठवून दाखवला. तिनं काय म्हटलं ते इथे लिहिता येत नाही.

चवीचं. पहिली बॅच बरी, पण ज्या केळ्याच्या वासासाठी गव्हाची बिअर घेतात तो नाही. नंतर कळलं, केळं आणि लवंग गव्हातून येत नाही, यीस्टमधून येते आणि डब्यासोबतचं पाकीट त्या जातीचं नव्हतं. जानेवारीत वेगळं वाइझन (जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचं) यीस्ट मागवलं तेव्हा कुठे जमलं. दिसायला गढूळच असते, ती तशीच पाहिजे, पण मित्र ग्लास उजेडात धरून म्हणतो, "हे तं तांदुयाचं धुवन हाय बे." तोच वर सल्ला देतो की डबा कशाला, घरचा लोकवन गहू टाक. कच्च्या गव्हातल्या स्टार्चची आपोआप साखर होत नाही, आधी मोड आणून माल्ट करावं लागते, हे त्याला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगणार नाही.

गावात अर्थातच बोभाटा झाला की हा मोहाची गाळतो. गाळायची नसते, नुसती आंबवायची असते. पण कायद्याला त्या फरकाचं काही नाही, महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली घरची बिअरही लायसनशिवाय चालत नाही. त्यामुळे माझ्या भरवशावर कोणी उडी मारू नका. साळा वर्ध्याचा आहे, तिथे तर पूर्ण बंदी, एक बाटली दे म्हणून मागे लागला, नाही दिली. त्यावरून अजून तोंड फुगवून आहे.

खर्च: डबा, साखर, बुचं, पाणी धरून साधारण 3,200, त्यात 650 मिलीच्या तीस बाटल्या. बाटलीला 107 रुपये पडले. साडेसहा हजार वेगळे, ते मी हिशोबात धरत नाही, धरले तर बायको धरते. बाटलीत गॅस धरायला जी साखर टाकतात ती मोजून टाका, लिटरला सात ग्रॅम. मी चमच्यानं अंदाजे टाकली आणि कोठ्यात एक बाटली फुटली, गाय दोन दिवस आत जाईना. आता एक बाटली कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकची भरतो, दाबून पाहिली की कळते किती ताठ झाली.

मे महिन्यात बाहेर 45, तरी बॅच लावली. बादलीला ओलं पोतं गुंडाळलं, खाली परात, समोर टेबल फॅन, आणि बादलीवर चिकटवलेल्या थर्मामीटरच्या पट्टीवर 25-26! आपली कोरडी हवा पाणी झपाट्यानं उडवते, माठाचं गणित तेच. बॅच थोडी जास्तच केळ्याची झाली, पण उन्हाळ्यात ती चालून गेली. फ्रीजसाठी दहा हजार घालायच्या विचारात होतो, पोत्यात काम झालं म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटलो.

इथपर्यंत जूनच्या सुरुवातीला लिहून ठेवलं होतं. आता पावसाळा लागला आणि पोत्याचं मी बोललो ते अर्धं मागे घेतो. हवेतच ओल, पोत्याचं पाणी उडेना, बाहेर 32 तर बादलीत 34, कारण यीस्ट काम करताना स्वतःही तापते. वरून पोत्याला बुरशी. ती बॅच उघडली तर वास नेलपॉलिशचा, 20 लिटर उकिरड्यावर. ग्रोमेट मात्र तेव्हाही चोख गुडगुडत होतं.

कालच कंपनीचा मेसेज आला, तुमची तक्रार सोडवली आहे, रेटिंग द्या. दोन स्टार दिले, त्यातला एक हायड्रोमीटरचा. पुढचा डबा आता कापूस घरी आल्यावर.