ऑनलाइन अ‍ॅक्सेस डिप्लोमा (हेल्थ): पैसे नेमके कशाचे भरायचे?

इंग्लंडमध्ये तिशी ओलांडल्यावर नर्सिंग, मिडवाइफरी, रेडिओग्राफी किंवा फिजिओथेरपीच्या पदवीला जायचं मनात आलं आणि हातात ए-लेव्हल (म्हणजे इथली बारावी) नसल्या, तर जो तो एकच सल्ला देतो: 'अ‍ॅक्सेस टू हायर एज्युकेशन' डिप्लोमा कर. मी तो ऑनलाइन केला. लेस्टरमध्ये राहून, केअर होममधली नोकरी सांभाळून. मूळची कराडची. बारावी सायन्स, पुढे घरच्यांच्या सोयीने बी.कॉम., मग लग्न आणि इकडे येणं. म्हणजे बायोलॉजीशी संबंध तुटून पंधरा-सोळा वर्षं होऊन गेलेली बाई परत अभ्यासाला बसली, तर हा कोर्स कसा वाटतो, हे इथे वाचायला मिळेल. विशीतल्या हुशार मुलीचा अनुभव वेगळा असू शकतो.

संस्थेचं नाव लिहीत नाही. माझ्या तक्रारी काही महिन्यांपुरत्या आणि काही माणसांपुरत्या आहेत. शिवाय याच साच्यातला कोर्स विकणाऱ्या संस्था इतक्या आहेत की एक नाव कळून तुमचं काम होणार नाही. काय तपासून घ्यायचं ते कळलं तर होईल.

आधी हिशेब. डिप्लोमा ६० क्रेडिटचा असतो. त्यातले ४५ लेव्हल ३ चे, म्हणजे ए-लेव्हलच्या पातळीचे, त्यांना पास, मेरिट किंवा डिस्टिंक्शन मिळतं. उरलेल्या १५ ला ग्रेड नसते. त्यात निबंध कसा लिहायचा, संदर्भ कसे द्यायचे असली युनिटं येतात. सगळ्या ४५ ला डिस्टिंक्शन असेल तर यूकॅसचे (विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज घेणारी इथली संस्था) १४४ पॉइंट होतात, तीन ए-लेव्हलना ए मिळाल्याइतके. एका क्रेडिटला साधारण १० तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे एकूण ६०० तास. आता जाहिरातीतलं 'सहा महिन्यांत पूर्ण करा' वाचा आणि भागाकार करा. आठवड्याला २३ तास होतात. नाइट शिफ्ट, शाळेतली पोरं आणि दोन वेळचा स्वयंपाक यातून आठवड्याला २३ तास काढणारी बाई मला भेटली तर मी तिच्या पाया पडेन. वर्ष धरून चाला, थोडं जास्तच.

आता अभ्याससाहित्य. इथे मी सरळ दोन तारे देते, पाचपैकी. प्रत्येक युनिटला एक पीडीएफ, मध्ये मध्ये गोरी मुलगी हसतेय असले स्टॉक फोटो, शेवटी चार-पाच प्रश्न. हृदयाच्या युनिटमध्ये कप्पे आणि झडपांची आकृती होती, पण एसए नोडपासून (ठोका जिथून सुरू होतो ती जागा) निघालेला विद्युतसंदेश एव्ही नोडपाशी (वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला थांबा) क्षणभर का थांबतो, याला अर्धी ओळसुद्धा नव्हती. (थांबतो म्हणून वरचे कप्पे आधी रिकामे होतात आणि मग खालचे आकुंचन पावतात. एवढं सांगायला काय जातं?) पीडीएफवर विसंबून पास होता येतं. डिस्टिंक्शन येत नाही.

आणि गंमत म्हणजे याहून कितीतरी सरस साहित्य फुकट पडलंय. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या 'ओपनस्टॅक्स'चं 'अ‍ॅनॅटॉमी अँड फिजिओलॉजी' हे पाठ्यपुस्तक २०१३ साली आलं, २०२२ ला दुसरी आवृत्ती निघाली. २८ प्रकरणं, आकृत्या स्वच्छ, आणि अख्खं पुस्तक फोनवर विनामूल्य. मी बसमध्ये उभ्या उभ्या वाचलंय. डोक्यात न शिरणाऱ्या भागाला खान अकॅडमीचे व्हिडिओ. पेशीच्या पडद्यातला सोडियम-पोटॅशियम पंप तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, हे मला तिथेच एकदाचं पटलं. ओपन युनिव्हर्सिटीचं 'ओपनलर्न' २००६ पासून चालू आहे, त्यावरचे आरोग्याचे छोटे फुकट कोर्स संदर्भ-लेखनाची सवय व्हायला बरे. एकच सांभाळा: अमेरिकन पुस्तकात रक्तातल्या वायूंचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतो, इकडच्या हॉस्पिटलात किलोपास्कलमध्ये. ६० मिलिमीटर म्हणजे ८ किलोपास्कल. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. स्पेलिंगही वेगळी, पण त्यावरून गुण कापणारा ट्यूटर मला भेटला नाही.

मग पैसे कशाचे भरले? दोन गोष्टींचे. एक, तो ६० क्रेडिटचा कागद, जो पाहिल्याशिवाय विद्यापीठ अर्ज पुढे सरकवत नाही. दुसरी, माझे निबंध तपासणारा माणूस. या दुसऱ्या गोष्टीला पाचपैकी पाच.

श्वसनसंस्थेच्या युनिटचंच सांगते. आमच्या केअर होममध्ये रोज बोटाला क्लिप लावून ऑक्सिजन बघायचं काम असतं. आकडे 'न्यूज टू'च्या, म्हणजे पेशंटची तब्येत बिघडतेय का ते गुणांवरून सांगणाऱ्या तक्त्यात भरायचे. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा हा तक्ता, सध्याचं रूप २०१७ चं. मशीनवर ८९ आलं की साध्या माणसाला त्याचे थेट ३ गुण, म्हणजे वरिष्ठांना हाक मारायची. पण सीओपीडी (फुफ्फुसाचा जुनाट आजार) असलेले आणि शरीरात कार्बन डायऑक्साइड साठणारे एक आजोबा होते, डॉक्टरांनी त्यांच्यासाठी दुसरी पट्टी ठरवून दिलेली. तिच्यात ८८ ते ९२ ला शून्य गुण. तोच ८९, तेच मशीन. वर्षानुवर्षं मी हे भरत आले आणि 'त्यांचं तसंच असतं' एवढ्यावर गप्प बसत आले, कारण विचारलं तर सगळे तेवढंच सांगायचे.

निबंध होता हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनच्या आलेखावर. तो इंग्रजी एससारखा वाकलेला असतो. ऑक्सिजनचा दाब १०० मिलिमीटरवरून ६० वर आला तरी ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन ९७-९८ टक्क्यांवरून जेमतेम ९० वर येतं. पण त्याच्या पुढे ६० वरून ४० वर आलं की थेट ७५. वरचा भाग सपाट, खालचा कडा. ९० च्या खाली घसरलेल्या पेशंटसाठी नर्स का पळते ते या एका रेषेत आहे. सीओपीडीच्या रुग्णाला जास्त ऑक्सिजन का देत नाहीत, याचं पीडीएफमधलं उत्तर एका ओळीचं: त्यांचा मेंदू कमी ऑक्सिजनच्या इशाऱ्यावर श्वास घेतो, ऑक्सिजन वाढवला की इशारा बंद. मी ते माझ्या शब्दांत लिहिलं. ट्यूटरने समासात लिहून पाठवलं की हे कारण आहे, पण सगळ्यात मोठं नाही, आणखी दोन शोध.

शोधलं. फुफ्फुसाचा जो भाग नीट हवा घेत नाही, तिकडचा रक्तपुरवठा शरीर आपणहून आवळून धरतं. भरमसाठ ऑक्सिजन दिला की ती पकड सुटते, रक्त त्या निकामी भागातूनही फिरून येतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर न टाकता परत येतं. दुसरं, ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी धरून ठेवतं, त्यामुळे रक्तात तो आणखी वाढतो. हे वाचलं त्या रात्री मी ड्युटीवर आजोबांचा ऑक्सिजनचा आकडा भरला आणि पहिल्यांदा काय भरतेय ते कळून भरला. या एका टिपणीसाठी मी हप्त्याचे पैसे खुशीने देईन.

मात्र हा ट्यूटर मला निम्म्या कोर्सलाच लाभला. मध्येच बदलला, कुणी कळवलं नाही, पोर्टलवर नुसतं नाव बदललेलं दिसलं. नव्या बाईंच्या टिपण्या 'छान, अजून विश्लेषण हवं' यापलीकडे जात नव्हत्या. विश्लेषण कुठे, कशाचं? मेल टाकला तर उत्तर यायला दीड-दोन आठवडे, आणि तोवर पुढच्या निबंधाची मुदत दाराशी. मी शेवटी लेखी तक्रार केली. त्यानंतर उत्तरं लवकर यायला लागली, टिपण्या होत्या तशाच राहिल्या. म्हणून प्रवेश घेण्याआधी विक्रीवाल्याला सरळ विचारा: तपासायला किती दिवस लागतात, ट्यूटर बदलला तर कळवता का, आणि तपासलेल्या निबंधाचा एक नमुना दाखवाल का. शेवटच्या प्रश्नाला जो अडखळेल तिथे अर्ज भरू नका.

विक्रीवाले! 'मॅम, सीट्स संपत आल्यात.' ऑनलाइन कोर्सला कसल्या सीट्स? चौकशी केल्यावर दिवसाआड फोन यायचा. कर्जाने शिकणाऱ्याला एक फी आणि स्वतःच्या खिशातून भरणाऱ्याला दुसरी, असंही मला एकाहून जास्त ठिकाणी दिसलं, तेव्हा दोन्ही आकडे मागून घ्या. कर्ज म्हणजे इंग्लंडमधलं 'अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर लोन', १९ वर्षांपुढच्यांना मिळतं. त्यातली खरी फायद्याची गोष्ट ही, की अ‍ॅक्सेस डिप्लोमासाठी घेतलं आणि पुढे स्टुडंट फायनान्सवर (पदवीसाठीचं सरकारी कर्ज) पदवी पूर्ण केली, तर अ‍ॅक्सेसच्या कर्जाची उरलेली रक्कम माफ होते. पण नवऱ्याच्या वर्क व्हिसावर डिपेंडंट म्हणून आला असाल तर हे सहसा तुमच्यासाठी नाही. कायम राहण्याचा परवाना आणि इथल्या वास्तव्याची वर्षं बघतात. मी परवाना हातात आल्यावरच अर्ज केला. त्याआधी अनेक जणींना शिकायची घाई होते, मलाही होती, पण पदवीची फी परदेशी विद्यार्थ्याच्या दराने लागली तर सगळं गणितच कोलमडतं.

'लेव्हल ३ हेल्थ डिप्लोमा' नावाचं काहीही स्वस्तात दिसलं म्हणून घेऊ नका. अ‍ॅक्सेस डिप्लोमावर क्यूएए या संस्थेची देखरेख असते आणि मान्यताप्राप्त कोर्स अ‍ॅक्सेसच्या अधिकृत संकेतस्थळावर शोधता येतात. तिथे नसेल तर तो दुसराच काहीतरी कोर्स आहे. आणि पैसे भरायच्या आधी, नंतर नव्हे, ज्या विद्यापीठात जायचंय त्यांच्या प्रवेश विभागाला मेल टाका. ऑनलाइन अ‍ॅक्सेस चालतो का, बायोलॉजीचे किती क्रेडिट हवेत, आमच्या दहावीचं इंग्रजी आणि गणित जीसीएसईच्या (इथली दहावी) जागी धरता का. मला एका विद्यापीठाने दहावीचं गणित धरलं, पण इंग्रजीची वेगळी परीक्षा द्यायला लावली. दुसऱ्याने दोन्ही नाकारलं. तोच कागद, दोन उत्तरं, आणि दोन्ही लेखी मिळाली म्हणून निर्णय घेता आला. रेडिओग्राफीकडे जाणाऱ्यांनी फिजिक्सचं युनिट कोर्समध्ये आहे का, हेही बघा. नर्सिंगच्या साच्यात ते बहुधा नसतं.

प्रयोगशाळा अर्थातच नाही. सूक्ष्मदर्शक नाही, बेडकाचं तर नावच नको. एका युनिटला घरच्या जिन्यावर चढउतार करून नाडी मोजायची होती: आधी, लगेच नंतर आणि मग दर मिनिटाला. मी, नवरा आणि धाकटी असे तिघे जिन्यावर. धाकटीची नाडी सगळ्यात लवकर पूर्ववत झाली. सासूबाई व्हिडिओ कॉलवर कराडहून हे बघत होत्या. 'काय गं, परीक्षा आहे का व्यायामशाळा?' आकडे खरे होते, आलेख चांगला आला, मेरिट मिळालं. पण हा काही प्रत्यक्ष रुग्णासमोर उभं राहण्याचा सराव नाही. नर्सिंगच्या पदवीतच एनएमसीच्या (नर्सची नोंदणी करणारी इथली संस्था) नियमाने २३०० तास प्रत्यक्ष काम असतं, ते तिथे होईल. केअर होममध्ये किंवा हॉस्पिटलात काम करत असाल तर हा कोर्स दुपटीने उपयोगी पडतो. घरी बसून नुसता केलात तर बरीचशी युनिटं कोरडी जातील, असं माझं मत.

कराडहून माझी मावसबहीण विचारते, तिथे बसून हे करून भारतातच नर्सिंगला जाता येईल का. नाही. भारतात बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतंच, त्या जागी हा डिप्लोमा चालत नाही. तिला मी ओपनस्टॅक्सची लिंक पाठवली आणि हृदयाच्या प्रकरणापासून सुरू कर म्हटलं. पेशीपासून सुरू केलं की तिसऱ्या प्रकरणात झोप येते.

मला सप्टेंबरसाठी अ‍ॅडल्ट नर्सिंगला प्रवेश मिळालाय. मुलाखतीत त्यांनी श्वसनसंस्थेचं काहीच विचारलं नाही. विचारलं ते हे, की एखादे वयस्क पेशंट जेवायला नकार देत असतील तर तू काय करशील. यावर डिप्लोमात एक अक्षर नव्हतं. केअर होममधल्या दुपारच्या जेवणावर मी पुढची दहा मिनिटं बोलत होते.