जमिनीतून येणारा एसी: रत्नागिरीच्या दमट हवेत कसा चालतो

आमच्या एमआयडीसीतल्या नवीन ऑफिसात वर डक्ट नाहीतच, गार हवा खालून येते. स्लॅबवर लोखंडी पायांवर उभी केलेली दुसरी जमीन, तिच्यात दोन बाय दोनच्या टाइल्स, खाली साधारण फूटभर पोकळी, त्या पोकळीतून हवा फिरते आणि टाइलमधल्या गोल जाळीतून, म्हणजे डिफ्यूझरमधून, गरगरत वर येते नि माणसांची, कॉम्प्युटरची गरमी घेऊन सीलिंगकडून परत जाते.

बसायला एकदम मस्त. मानेवर झोत नाही, आपल्या टेबलाजवळचा डिफ्यूझर हातानेच कमीजास्त करता येतो, त्यामुळे रिमोटवरून भांडणं बंद. वायरिंगपण सगळं खालीच, टेबल हलवायचं तर टाइल उचला, झालं. चहा सांडला तरी जाळीखाली छोटी बादलीसारखी टोपली असते.

पण पावसाळा लागला आणि गंमत कळली. डिस्प्लेवर 24 आणि अंग चिकचिकीत, कागद मऊ पडलेले, प्रिंटर अडकतोय. वरून येणारी हवा साधारण 12-13 डिग्रीला सोडतात, पण ही पायाशीच येते म्हणून 17-18 ला सोडावी लागते, नाहीतर पाय गारठतात. कॉन्ट्रॅक्टरने हवा थेट 17 पर्यंतच थंड केलेली, तेवढ्यात हवेतलं पाणी पुरेसं निघतच नाही ना! विचारलं तर "सेटिंग बरोबर आहे साहेब". शेवटी दुसऱ्या माणसाने नीट केलं, बाहेरची हवा आधी 12 पर्यंत गार करून पाणी काढायचं, मग खोलीतून परत आलेली कोमट हवा मिसळून 17 वर आणायची. आता ऑफिस कोरडं आहे. कोकणात हे बसवणार असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा, टाइल्सचा रंग नंतर ठरवा.

बाकी, वायरींची भोकं आणि भिंतीकडची फट नीट सील करून घ्या, नाहीतर गार हवा नको तिथून पळते. पोकळीत हवा लांब जाता जाता स्लॅबच्या उष्णतेने तापतेपण, आमच्या टोकाच्या अकाउंट्सवाल्यांचा पंखा अजून सुटलेला नाही. ब्रोशरमध्ये हीटिंगचं पान होतं, रत्नागिरीत हीटिंग कशाला हो?

पाचपैकी साडेतीन. साहेबांना चिपळूणच्या ऑफिसातपण हेच हवंय, तेही तळमजल्यावर. जुलै 2021 चा पूर बघितलेल्या बाजारपेठेत मशिनरी पायाखाली पुरायची? पहिला मजला मिळाला तरच बघा म्हटलंय.