जुन्या जीपला मागचे ड्रम ब्रेक ठेवायचे की डिस्क टाकायच्या?

पावसाळा तोंडावर आला की जीपवाल्यांमधे हा विषय निघतोच. माझी महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप, पुढे डिस्क करून घेतल्यात, मागे अजून ड्रमच. मित्राकडे २०२० च्या आधीची थार, त्याने मागचेही ड्रम काढून डिस्क टाकल्या आणि ती गाडी मी चिखलात, घाटात भरपूर चालवलीय, त्यामुळे दोन्हीकडचं सुखदुःख माहितीये.

ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारा बंद डबा, त्याला आतून लायनर लावलेले शू दाबतात; डिस्क म्हणजे उघडी तबकडी, तिला कॅलिपर पॅडने दोन्हीकडून चिमटा घेतो. आधी एक गोष्ट क्लिअर करू. चारही चाकांना ड्रम असतील तर मागचा विचारच करू नका, पैसे पुढच्या डिस्कवर घाला. ब्रेक मारला की वजन पुढे जातं, जास्तीचं काम पुढचीच चाकं करतात, आणि रिकामी आखूड जीप उतारावर असेल तर मागचा भाग तर नुसता तरंगत असतो. उगाच नाही २०२० ची नवीन थार आणि २०२३ ची जिम्नी, दोन्ही मागे ड्रम घेऊनच शोरूममधे आल्या. खर्च वाचवणं हे कारण असेलच, पण मागे तेवढ्यावर भागतं हेही आहेच.

मागच्या डिस्कने गाडी लवकर थांबते का? कोरड्या रस्त्यावर फारसा फरक नाही, मला तरी जाणवला नाही. उलट ड्रमची एक खुबी आहे, फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे पायाचा जोर कमी लागतो. डिस्कला ही फुकटची मदत नाही, सगळा जोर पेडलमधून द्यायचा, म्हणून बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नसलेल्या जुन्या गाडीत डिस्क टाकली की लोक म्हणतात ब्रेक दगडासारखा लागतो. घाटात मात्र डिस्क सरस. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खाली खाली जायला लागतं. आंबोली उतरताना एकदा माझा पाय असा खाली गेला होता, चूक माझीच, ज्या गिअरमधे चढतो त्याच गिअरमधे उतरायचं हे माहीत असून चौथ्यात सोडली होती.

खरा फरक पाण्यात आणि चिखलात. ओढा ओलांडला की ड्रममधे पाणी शिरतं आणि बाहेर पडायला वेळ लागतो, पहिले दोन-तीन ब्रेक लागतच नाहीत, पाय हलका ठेवून चालत्या गाडीत सुकवावे लागतात. पाणी तरी सुकतं, लाल मातीचा राडा आत गेला की संपलं. गेल्या वर्षी ट्रेलवरून (चिखलातल्या कच्च्या वाटेवरून) आल्यावर कंटाळा केला आणि दोन आठवड्यांनी ड्रम खोलला (खोलला म्हणजे हातोडीने ठोकून ठोकून काढला), तर आत माती पेढ्यासारखी थापून बसलेली, अ‍ॅडजस्टर जाम, स्प्रिंग गंजलेल्या, आणि लायनर एका बाजूने असा खाल्लेला की रिव्हेट ड्रमला घासत होते. डिस्क उघडी असते, पाणी फेकून देते, दोन-चार फेऱ्यांत कोरडी. पाइप मारला की धुऊन झाली आणि पॅड किती उरलेत ते चाक काढलं की समोर दिसतं. पण माती तिलाही खाते, पॅड लवकर जातात, कॅलिपरच्या पिना ग्रीस न लावता ठेवल्या तर धरून बसतात, आणि एखादा खडा डिस्क आणि पत्र्याच्या मधे अडकला की असा कर्कश आवाज येतो की गावातली कुत्री मागे लागतात.

आता हँडब्रेक, इथेच बहुतेकांचा निर्णय व्हायला पाहिजे पण डिस्कचं किट मागवल्यावर आठवण होते. थार, बोलेरोसारख्या गाड्यांत हँडब्रेक मागच्या ड्रममधेच आहे, ड्रम काढला की तो गेला. मग हँडब्रेकवाला कॅलिपर शोधा (महाग, आणि केबल नीट सेट केली नाही तर चढावर धरत नाही), नाहीतर आत छोटा ड्रम असलेली डिस्क बघा. गिअरमधे टाकून दगड लावणं हा पर्याय नाही प्लीज. जुन्या विलीस वळणाच्या जीपांना ही अडचण नाही कारण त्यांचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सच्या) मागे, मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर, फक्त मागचं एक चाक हवेत असेल तर डिफरन्शियलमधून गाडी सरकू शकते, तेवढं लक्षात ठेवा.

फिटिंगमधे बोल्ट-ऑनच्या (नुसते बोल्ट आवळले की बसलं) नावाखाली खूप काही लपलेलं असतं. ड्रमच्या लाइनमधे साधारण १० पीएसआय प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला चिकटून राहतात आणि चाक तापतं. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) फ्लोअरखाली असेल तर उलट २ पीएसआयचा लागतो, नाहीतर ऑइल मागे उतरतं आणि सकाळी पेडल पोकळ. कॅलिपरला ऑइलही जास्त लागतं, जुना मास्टर सिलिंडर पुरा पडेलच असं नाही. आणि मागे ब्रेक जास्त झाला तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात, गाडी गर्रकन फिरते, म्हणून मागच्या लाइनला अ‍ॅडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा जोर कमी-जास्त करणारा) घ्याच आणि मोकळ्या मैदानात पुढची चाकं आधी लॉक होतायत का ते बघून मगच हायवेला काढा.

मित्राच्या थारचं तर तीन दिवस पेडल स्पंजच. गॅरेजवाल्याने ४ वेळा हवा काढली, दोन बाटल्या ऑइल ओतलं, मास्टर सिलिंडर बदलायला सांगितला. शेवटी आम्ही गाडीखाली झोपून बघितलं तर डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे, हवा काढायचे दोन्ही निपल खाली तोंड करून. हवा वर राहते, खालून निघणार कशी! अदलाबदल करून १५ मिनिटांत पेडल टाइट.

कागदाचं पण बघा, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल कडक आहे, विमा कंपनीला अपघातानंतर दावा नाकारायला कारणच हवं असतं.

तर माझं मत असं, गाडी महिन्यातून दोन-तीनदा चिखलात जात असेल, पुढे डिस्क आणि बूस्टर आधीच असेल, आणि हँडब्रेकचा बंदोबस्त खिशात असेल तर टाका डिस्क, दर ट्रेलनंतरचा ड्रम खोलायचा रविवार वाचतो. वर्षातून दोनदा ट्रेल आणि बाकी गावातच फिरणार असाल तर ड्रम लेथवर टर्न करा, नवे लायनर, नवे व्हील सिलिंडर (ड्रममधले शू ढकलणारे), आणि एक्सलचं ऑइल सील बदला, कारण निम्म्या वेळा ब्रेक खराब नसतो, शूवर गिअर ऑइल आलेलं असतं. हे सगळं किटच्या खर्चाच्या मानाने किरकोळ आहे.

मी यंदा ड्रमच ठेवलेत. मित्र हसतो, पण चढावर थांबलो की दगड शोधायला तोच उतरतो.