रेनॉल्ड्स की गेन्सबरो : मुलांची व्यक्तिचित्रे अभ्यासताना

अठराव्या शतकात इंग्लंडमधील उमराव घराण्यांनी आपल्या मुलांची जी व्यक्तिचित्रे काढून घेतली, त्यांचा अभ्यास करू पाहणाऱ्या चित्रकला-विद्यार्थ्यापुढे दोन मोठी नावे येतात: जोशुआ रेनॉल्ड्स आणि थॉमस गेन्सबरो. लंडनमध्ये एकच दुपार हाताशी असेल, तर निवड करावीच लागते.

रेनॉल्ड्सचे बळ कल्पनेत आणि रचनेत आहे. १७७५च्या सुमारास त्याने क्रू घराण्यातील छोट्या जॉनला सोळाव्या शतकातील चित्रकार होल्बाइनने रंगवलेल्या राजा आठव्या हेन्रीसारखे पाय फाकवून उभे केले. थाट राजाचा, चेहऱ्यावर मात्र पोराचे निर्मळ हसू. त्याचे काही लाल रंग टिकाऊ नव्हते, त्यामुळे पुष्कळ चेहरे फिके पडले आणि ही तक्रार त्याच्या हयातीतच होती. लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयातील जेन बोल्स या मुलीच्या चित्राबाबत तर असे सांगतात, की विटलेला असला तरी रेनॉल्ड्सच घ्या, असा सल्ला तिच्या वडिलांना मिळाला होता. तो सल्ला मला पटतो, कारण कुत्र्याला कवटाळून बसलेल्या त्या मुलीची बैठक रंगावर अवलंबून नाही. म्हणूनच त्याची रचना चांगल्या छापील प्रतीवरूनही बरीचशी शिकता येते.

गेन्सबरोचे तसे नाही. रेनॉल्ड्स वस्त्रांचे काम बरेचदा सहायकांकडे सोपवी, तर गेन्सबरो ते सहसा स्वतः करी. त्याचे पातळ, वाहते फटकारे जवळून नुसते ओरखडे वाटतात आणि चार पावले मागे सरकताच त्यांचे रेशीम होते. हे अंतर त्याला इतके महत्त्वाचे वाटे, की तिसऱ्या जॉर्जच्या तीन राजकन्यांचे चित्र आपल्याला हवे तसे खाली टांगले जात नाही, म्हणून १७८४ साली त्याने रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनातून आपली चित्रे परत नेली.

नॅशनल गॅलरीत त्याने १७५६च्या सुमारास काढलेले स्वतःच्या मुलींचे चित्र आहे. त्या उमरावकन्या नव्हेत आणि चित्रही अपुरे आहे. परंतु काटेरी झुडपावर बसलेल्या पांढऱ्या फुलपाखराकडे धाकटीचा हात झेपावतो आणि थोरली तिचा दुसरा हात धरून सावधपणे पाहते, तेथे मांडून बसवलेली पोझ उरतच नाही. मुलांची चित्रे काढायला शिकणाऱ्याने ती दुपार या चित्रासमोर घालवावी आणि रेनॉल्ड्स घरी परतल्यावर छापील प्रतींवरून अभ्यासावा.