सरकारी लाल गोळी की मेडिकलमधली महाग कॅप्सूल?

भाची सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी मुंबईहून आमच्याकडे, रत्नागिरीजवळच्या गावी आली. मैत्रिणीने सुचवलेल्या कॅप्सूलचा डबा तिच्या पिशवीत होता. इकडे आशाताईंनी उपकेंद्रातल्या लाल गोळ्या आधीच घरी आणून दिलेल्या. माझी ताई म्हणाली, "फुकटच्या गोळ्या कशाला? ती चांगली महागाची घेतेय." भाचीने मला बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, खरं सांग, कुठली घेऊ?" मी बरीच वर्षं आरोग्यसेविका होते. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी दोन्ही पाकिटांवरचा बारीक मजकूर वाचला. लाल गोळीत दोनच गोष्टी : ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, असं 'ॲनिमिया मुक्त भारत' या सरकारी मोहिमेचं धोरण आहे. डब्यावर जीवनसत्त्वांची आणि खनिजांची लांबलचक यादी, पण लोह लाल गोळीच्या निम्म्याहूनही कमी. आपल्याकडे खरी लढाई लोहाच्या कमतरतेशीच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. आईच्या दुधात लोह फार थोडं असतं, म्हणून बाळ शेवटच्या तीन महिन्यांत लोह साठवून घेतं आणि जन्मानंतर पहिले काही महिने त्याच्यावर काढतं. त्याच काळात त्याचा मेंदू झपाट्याने वाढत असतो. एवढ्यावरच माझं मत लाल गोळीकडे झुकतं.

तिचा त्रास होतो, हे मी लपवणार नाही. मळमळतं, शौचाला खडा होतो, शी काळी होते. काळ्या रंगाला घाबरून गोळ्या उंबराखाली टाकून आलेल्या बायका मी पाहिल्यात. रंग बदलणं धोक्याचं नाही. रात्री जेवणानंतर दोनेक तासांनी गोळी घेतली की मळमळ बरीच कमी जाणवते. सोबत लिंबूपाणी किंवा आवळा चालेल, चहा मात्र नको, चहाने लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी घेऊ नये. ती जेवणासोबत, दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम. बाजारातल्या काही गोळ्यांत लोह आणि कॅल्शियम एकत्रच कोंबलेलं असतं. ते घेताना दोन्हींचे पैसे जातात आणि लोह अर्धवट वाया जातं.

आता कॅप्सूलची जमेची बाजू. तिच्यात बी१२ जीवनसत्त्व आणि आयोडीन असतं, लाल गोळीत नसतं. घरी बांगडा, तिसऱ्या (शिंपल्या), अंडी होत असतील तर बी१२ ची चिंता सहसा नसते. श्रावणात महिनाभर मासे बंद ठेवले तरी यकृतातला साठा पुरतो. पण पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी घर असेल तर इथे मी कॅप्सूलच्या, किंवा वेगळ्या बी१२ च्या, बाजूने उभी राहीन. पुण्याजवळच्या गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. ज्या आयांच्या रक्तात फॉलेट (म्हणजे फॉलिकच) जास्त आणि बी१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी, प्रवृत्ती जास्त दिसली. म्हणून शाकाहारी बाईने नुसत्या फॉलिकवर थांबू नये, डॉक्टरांना बी१२ तपासायला सांगावं. आयोडीन मिठातून मिळतं, फक्त मीठ आयोडीनयुक्त आहे ना ते पाहा.

डबा महाग होतो तो बहुतेक 'बाळाच्या बुद्धीसाठी डीएचए' मुळे. डीएचए म्हणजे माशांतल्या ओमेगा-३ चरबीचा एक प्रकार. ऑस्ट्रेलियात दोन हजारांहून जास्त गरोदर बायकांवर प्रयोग झाला, २०१० मध्ये निकाल आला : रोज ८०० मिलिग्रॅम डीएचए घेऊनही मुलांच्या दीड वर्षांच्या वयात बुद्धीत फरक दिसला नाही. ओमेगा-३ मुळे अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होतात असं मात्र दिसलंय. ते तारल्यात आणि बांगड्यात भरपूर आहे, हर्णैच्या बंदरावर ज्याला कोणी फारसा मान देत नाही त्याच स्वस्त माशांत. मोठी मोरी (शार्क) टाळा, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुकट थोडीच, कारण मीठ फार, आणि रक्तदाब असेल तर तीही नको.

एक गोष्ट कळवळून सांगते. जुन्या जाणत्या बायका मोरीच्या तेलाच्या कॅप्सूल देतात, त्या गरोदरपणात नकोत. त्यांतलं 'अ' जीवनसत्त्व जास्त झालं तर बाळात व्यंग होऊ शकतं. 'थोडं हे, थोडं ते' म्हणून दोन-तीन मल्टिव्हिटॅमिन एकदम घेणंही त्याच कारणासाठी घातक.

नाचणी तर हवीच. १०० ग्रॅम पिठात, म्हणजे साधारण दोन मध्यम भाकऱ्यांत, ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. मोड आणून केलेलं सत्त्व असेल तर त्यातलं लोहही जास्त लागू पडतं. पण नाचणी आणि शेवग्याचा पाला खाऊन गोळीची गरज संपते, हे मला मान्य नाही. मी तसं होताना पाहिलेलं नाही.

भाचीला एका बाबतीत उशीर झालाच होता. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, तोवर अनेकींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. ही नळी नीट मिटायला फॉलिक ॲसिड लागतं, म्हणून बाळाचा विचार करत असाल तर रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आधीपासूनच सुरू करा. आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष असेल किंवा फिटची औषधं चालू असतील तर मात्रा बरीच मोठी लागते, ती डॉक्टरच ठरवतील.

भाचीचं एचबी (हिमोग्लोबिन) १०.४, म्हणजे थोडं कमी, निघालं. डॉक्टरांनी दिवसाला दोन लाल गोळ्या सांगितल्या आणि महिन्याने पुन्हा रक्त तपासायला बोलावलं. डबा त्यांनाही दाखवला, ते म्हणाले बंद ठेवा, ही मासे खाते. आता लाल गोळ्या तिच्या उशाशी तांब्याजवळ असतात, आणि कॅल्शियम सकाळच्या भाकरीच्या ताटाशेजारी.